उभा केलेला दगड

ऑक्टोबर संपत आला आणि सरोवरावरचा वारा दातांत शिरायला लागला, की नोरीना हाल्मे पत्र्याची बादली भरून रस्ता ओलांडायची. आमच्या मिल्सन टेकडीवरच्या बागेला दगडी कमान आहे. कमानीपासून वरच्या ओट्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना द्वारपालांसारखे, छातीइतक्या उंचीचे दोन रुंद तांबडे दगड उभे होते. नोरीना डावीकडच्या दगडाशी थांबायची. पायाशी तिनेच लावलेली झेंडूची रोपं असायची. थंडीने काळवंडलेल्या त्या रोपांवर ती दोन ओंजळी पाणी शिंपडायची, मग बादलीचा काठ दगडाच्या माथ्यावर टेकवून उरलेलं सगळं पाणी तिथल्या बारीक फटींत सावकाश ओतायची. ओतून झालं की म्हणायची, "पी मेल्या."

हे सगळं दिवसाढवळ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत चालायचं. लोकांना वाटायचं, बाईचा फुलांवर फार जीव. नगरपालिकेने तर एका वर्षी तिला ‘बागेची सखी’ म्हणून चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. नोरीनाने ते संडासात टांगलं.

त्या डावीकडच्या दगडावर एक पितळी पाटी होती: ‘ही बाग आणि या पायऱ्या वॉरन ब्रॅकेट यांच्या हातून उभ्या राहिल्या. १९३७.’ या ब्रॅकेटच्या हातांनी आयुष्यात कधी थापी धरली नव्हती. शिटी धरली होती, घड्याळ धरलं होतं, आणि नोरीनाच्या बापाची मान धरली होती.

ती महामंदीची वर्षं. अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या डुलूथचे लोखंडाची माती बोटींत चढवायचे धक्के ओस पडले होते, बोटी बंदरात गंजत होत्या. रिकाम्या हातांना भाकरी मिळावी म्हणून सरकारने कामं काढली होती, कुठे गटारं, कुठे रस्ते, कुठे बागांच्या भिंती. हजेरीपटावर नाव लागण्याआधी घरी एक बाई येऊन कपाटं उघडून बघायची, खरंच काही नाही ना याची खात्री करायची. ती बघत होती तेवढा वेळ ओस्वाल्दो पेल्लारिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरातला तो पाथरवट, सात पिढ्यांचा. पण नाव लागलं आणि त्याने मान वर केली. "काम सरकारी असेल," तो बायकोला म्हणाला, "दगड काही सरकारी नसतो."

नोरीना तेव्हा आठ वर्षांची. दुपारी डब्यातून मक्याचा थंडगार पोलेंटा आणि कांदा घेऊन ती टेकडीवर जायची. बाप जेवता जेवता तिला दगड शिकवायचा. खाणीतून दगड उचलायच्या आधी तो त्याच्या वरच्या अंगाला छिन्नीने नखाएवढी फुली मारायचा. का, म्हणून तिने विचारलं तर त्याने तिची शाळेची वही घेतली, जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर चक्क बसला. वहीला काही झालं नाही. मग त्याने ती उभी धरून वरून बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. पानं फुगली, सुटी झाली, एकेक करून बाहेरच्या अंगाला वळली.

"दगड असाच असतो," बाप म्हणाला. "थरांवर थर. खाणीत जसा निजला होता तसाच भिंतीत निजवायचा. फुली आभाळाकडे."

"माझी वही भिजवलीत, बाबा."

"बाईंना सांग, बापाने भिजवली. पण तू विसरणार नाहीस."

कमान पुरी होत आली तेव्हा मुकादम ब्रॅकेटला कळलं, की उद्घाटनाला राजधानीहून कोणीतरी मोठा माणूस येणार, फोटो निघणार. दोन लांबरुंद तांबडे दगड पायरीसाठी आणून आडवे ठेवलेले होते. ब्रॅकेटने ते काठीने मोजले.

"पेल्लारिन, हे दोन कमानीशी उभे कर."

"हे उभे होत नाहीत, साहेब."

"का? गुडघे दुखतात त्यांचे?"

सगळे मजूर हसले. मुकादमाच्या विनोदाला हसायचं असतं. ओस्वाल्दो हसला नाही. "खाणीत आडवे होते, आडवेच ठेवायचे. उभा केला तर वरून पाणी पितो, थंडीत फुगतो आणि सोलून निघतो."

"कधी? उद्या?"

"उद्या नाही. पण सोलणार."

"मग तोवर फोटो निघालेला असेल," ब्रॅकेट म्हणाला. "उभे कर."

नोरीना डबा घेऊन तिथेच उभी होती. बापाने हातोडी खाली ठेवली, फेकली नाही, नीट ठेवली. सोळा माणसं बघत होती. ब्रॅकेटने गुडघ्यावर कागद ठेवून तिथल्या तिथे कामावरून काढल्याच्या चार ओळी खरडल्या आणि कागद ओस्वाल्दोच्या सदऱ्याच्या खिशात खुपसला. दगड दुसऱ्या दिवशी बेप्पीने उभे केले, ओस्वाल्दोच्याच गावच्या, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या बेप्पीने. बेप्पीला पाच पोरं होती हे नोरीनाला ठाऊक होतं. तिने त्याला तरीही कधी माफ केलं नाही.

घरात इंग्रजी वाचता येणारी एकटी नोरीनाच. तिने कागद वाचला. बाकीचा मजकूर लांबलचक आणि अवघड होता, तिच्या ध्यानात शेवटचा एकच शब्द राहिला, कारण तो तिला माहीत नव्हता आणि आईला त्याचा अर्थ हवा होता. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत बाईंना विचारलं. बाई भल्या होत्या. त्यांनी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून अख्ख्या वर्गाला समजावून दिला: कामचुकार.

तो शब्द ओस्वाल्दोच्या पुढे पुढे धावला. तो कागद दाखवल्याशिवाय दुसरीकडे नाव लागेना, आणि दाखवला की लागेना. दोन हिवाळ्यांनी त्याला काम मिळालं ते नोरीनाच्याच शाळेच्या तळघरात, भट्टीत कोळसा टाकायचं. मधल्या सुट्टीत तो राखेच्या पाट्या घेऊन वर यायचा तेव्हा पोरं ओरडायची, "नोरीना, भूत आलं गं तुझं!" आणि नोरीना, हेही सांगायला हवं, एकदा म्हणाली होती की तो माझा कोणी नाही. ते त्याने ऐकलं होतं. त्याबद्दल तो कधीच काही बोलला नाही, आणि ब्रॅकेटच्या खात्यात नोरीनाने हेही मांडून ठेवलं.

छिन्नीला त्याने परत हात लावला नाही. बारा वर्षांची असताना नोरीना घरातली हातोडी घेऊन पाटीच्या दगडावर धावून गेली होती. बापाने मागून येऊन मनगट पकडलं.

"हात लावू नकोस."

"पण बाबा, त्याने..."

"हात लावू नकोस म्हणतो ना! मी सांगितलंय तो सोलणार. आता माझा शब्द आणि थंडी, दोघं बघून घेतील. तू फक्त बघत राहा."

अठ्ठेचाळीस साली छातीत कोळसा भरून तो गेला. दगड जागच्या जागी होता.

नोरीना बघत राहिली. बघायला सोयीचं पडावं म्हणून तिने लग्नसुद्धा बागेसमोर केलं. एइनो हाल्मे धक्क्यावर कामाला होता, शांत, फिनलंडकडचा, आठवड्यातून एकदा गरम वाफेत बसला की त्याचं समाधान. त्याच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट कमानीवर उघडायची. पुढे कधीतरी तो म्हणाला, "तू माझ्याशी नाही, माझ्या खिडकीशी लग्न केलंस."

"खिडकी घोरत तरी नाही," नोरीना म्हणाली.

दर वसंतात, बर्फ वितळलं की ती झाडू घेऊन जायची आणि डाव्या दगडाचा पायथा झाडायची. निघायची चिमूटभर वाळू. एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं, चिमूटभर वाळू. शाळेच्या भटारखान्यात ती हजार पोरांचं जेवण रांधायची, घरी येऊन खिडकीशी कॉफी घेऊन बसायची, आणि समोर तो दगड पाटी मिरवत ठणठणीत उभा. उजवीकडच्या त्याच्या जोडीदाराकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. तिच्या लग्नाच्या वर्षीच बागेच्या लोकांनी त्याच्यापुढे छप्पर असलेला लाकडी सूचनाफलक रोवला होता. हरवलेली कुत्री, चर्चमधलं मासळीचं जेवण, असल्या चिठ्ठ्यांमागे तो दगड दिसेनासा झाला. नोरीनालाही त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्यावर कोणाचं नाव नव्हतं.

एकाहत्तर साली शहराने वॉरन ब्रॅकेटचा सत्कार केला. ऐंशीचा झाला होता, गुबगुबीत, लाल गालांचा. त्या पाटीशीच त्याला उभं करून फोटो काढला. नोरीना खिडकीतून बघत होती. तिच्या मनात एकदम आलं, बाबा चुकले तर नव्हते? विचार आला त्याच पावली तिने तो ठेचला आणि बादली भरायला घेतली. तिला घाई झाली होती, एवढंच. थंडीला थोडी मदत केली तर काय बिघडलं? हा म्हातारा जिवंत असेपर्यंत दगड पडायला हवा होता.

पहिला पोपडा चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये पडला, तळहाताएवढा. तिने तो लोणच्याच्या बरणीत ठेवला आणि बरणीवर साल लिहिलं. मग दर वर्षी एक बरणी. एइनो तळघरात बटाटे आणायला जायचा तेव्हा म्हणायचा, "लोकांच्या घरी जॅम असतो." ब्रॅकेट एकोणऐंशीत मेला, झोपेत, गादीवर, नातवंडांच्या गराड्यात. नोरीना त्याच्या अंत्यविधीला गेली. खरंच मेलाय ना ते बघितलं, तिथल्या टेबलावरचे हॅमचे तीन पाव खाल्ले आणि घरी आली. "कसं झालं?" एइनोने विचारलं. "मोहरी कमी होती," ती म्हणाली.

ब्रॅकेट गेला म्हणून तिने बादली सोडली नाही. नाव होतं ना अजून. पुढे एइनोही गेला, गुडघे गेले, बादली अर्धीच भरायला लागली, पण ऑक्टोबर चुकला नाही.

दोन हजार बारा साली बागेला पंचाहत्तर वर्षं होणार होती. ब्रॅकेटचा नातू ड्वेन आता आमच्याच वॉर्डाचा नगरसेवक होता. त्याने दुरुस्तीचा ठराव आणला: पायऱ्या नीट करायच्या, पाटी उजळायची, आणि डावीकडच्या सोललेल्या दगडात पोलादी सळ्या आणि चिकट रसायन भरून तो कायमचा पक्का करायचा. कायमचा! वर्तमानपत्रात तो शब्द वाचून नोरीनाच्या हातातली कॉफी सांडली. रसायन भरलं की तो दगड जगबुडीपर्यंत पडणार नव्हता. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईपाशी आता फक्त एक उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात पाणी गोठत नाही.

जूनमध्ये इंगा ब्रेव्हिक नावाची पाथरवटीण आली. चाळिशीची, जाड मनगटांची, डोक्याला फडकं. दोन दिवस ती नुसती हातोडीने दगड वाजवत हिंडली. नोरीना झेंडूला पाणी घालायच्या निमित्ताने तिच्या मागे मागे. भिंतीतले दगड वाजायचे टण्, टण्, टण्. डावीकडच्या द्वारपालावर हातोडी पडली आणि आवाज आला, बद्द.

इंगा गुडघ्यावर बसली. "नवल आहे," ती म्हणाली. "मिसेस हाल्मे, तुम्ही इथे खूप वर्षं आहात ना? ही सगळी भिंत एका मोठ्या कारागिराची आहे. एक दगड उलटा नाही. आणि हा बघा, खुशाल उभा करून ठेवलाय. हा त्याच माणसाचा हात नव्हे."

पंचाहत्तर वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. नोरीनाने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ती काही बोलणार तेवढ्यात गाडीतून ड्वेन ब्रॅकेट उतरला, हसतमुख, चकचकीत बूट.

"काय म्हणतोय आमचा आजोबा?" त्याने पाटीवर थाप मारली.

"दगड चुकीचा बसवलाय," इंगा म्हणाली.

"बसवणारच! मंदीतले मजूर ते. फावड्याला टेकून उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. असल्या अडाण्यांकडून आजोबांनी एवढं करून घेतलं तेच खूप. अहवालात तसं लिहा, बाई. मजुरांची चूक. समारंभात मला सांगता येईल."

तो गेला. नोरीनाने इंगाची बाही धरली. "चल. कॉफी घे माझ्याकडे."

घरी तिने पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला. एइनोलाही तिने तो कधी दाखवला नव्हता. "बघ," ती म्हणाली, "बघ काय लिहिलं होतं त्या नालायकाने माझ्या बाबांबद्दल. खालचा शब्द वाच."

इंगाने खालचा शब्द वाचला नाही. तिने वरची ओळ वाचली, परत वाचली, कप बाजूला सारला. "मिसेस हाल्मे, तुम्ही हा कागद लपवून ठेवलात?"

"लाज वाटते मला."

"अहो, पण वरची ओळ वाचलीत का कधी?"

नोरीनाने चष्मा लावला. आठव्या वर्षी अवघड वाटलेली ओळ. नंतर जेव्हा जेव्हा कागद उघडला तेव्हा तेव्हा डोळे सरळ त्या एका शब्दावर जाऊन पडायचे आणि कागद मिटायचा. आता तिने पहिल्या शब्दापासून वाचलं आणि खिडकीबाहेर त्या दगडाकडे बघितलं. इंगाला वाटलं म्हातारी रडणार. नोरीना हसली, आणि ते हसू काही फार चांगलं नव्हतं.

"समारंभाला ‘बागेची सखी’ म्हणून मला दोन मिनिटं बोलायला बोलावलंय," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार होते."

ऑगस्टच्या शनिवारी कमानीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, बँड होता, मासळीचं सूप होतं. नोरीनाने शेजाऱ्यांच्या हातगाडीतून एकोणचाळीस बरण्या आणून पहिल्या पायरीवर सालवार लावल्या. लोकांना वाटलं लोणची विकायला आहेत. ड्वेन आजोबांवर दहा मिनिटं बोलला, फावड्याला टेकलेल्या मजुरांवर विनोद केला, लोक हसले. मग, दगडाच्या दुरुस्तीआधी पाटी उजळायला न्यायची म्हणून, कॅमेऱ्यासमोर ती आपल्या हाताने काढायला पुढे झाला. इंगा म्हणाली, "मी काढते, दगड कच्चा आहे." तो म्हणाला, "माझ्या आजोबांची पाटी आहे, बाई."

तीन खिळे निघाले. चौथा निघाला, आणि पाटीबरोबर दगडाचं अख्खं तोंड सुटून आलं. धाडकन आवाज झाला, तांबडी धूळ उडाली, आणि ड्वेन ब्रॅकेट घोट्यापर्यंत दगडाच्या चुऱ्यात पाटी छातीशी धरून उभा राहिला. फोटो निघाला.

ड्वेन चटकन सावरला. "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात सरकारी काम!" लोक पुन्हा हसले.

तेव्हा नोरीना उठली. काठी टेकत त्याच्यापाशी गेली आणि कागद त्याच्यापुढे धरला. "नगरसेवकसाहेब, माझे डोळे अधू झालेत. एवढं वाचून दाखवा. अक्षर तुमच्या ओळखीचं असेल."

त्याने कागद घेतला. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? आधी पुटपुटला. "मोठ्याने," नोरीना म्हणाली, "मागे ऐकू येत नाही."

"‘ओस्वाल्दो पेल्लारिन, पाथरवट,’" ड्वेनने वाचलं. "‘या इसमाने दोन दगड उभे करण्याचा माझा हुकूम मोडला. उभे केल्यास दगड थंडीने सोलून निघतील, असा कांगावा केला. काम...’" तो थांबला.

"पुढे."

"एवढंच आहे."

"एक शब्द राहिलाय. मी आठ वर्षांची होते तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहिला होता, मला चांगला आठवतो. वाचा."

"‘कामचुकार,’" ड्वेन म्हणाला.

"आणि खाली सही कोणाची?"

आता कोणी हसत नव्हतं. बँडवाल्याने टोपी काढली होती. ड्वेनने सही वाचली, पायाखालच्या चुऱ्याकडे बघितलं, पायरीवरच्या एकोणचाळीस सालांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो चेहरा बघायला नोरीना पंचाहत्तर वर्षं थांबली होती. तिने तो पोटभर बघून घेतला. मग म्हणाली, "पाटी घरी न्या. तुमच्या आजोबांची आहे." आणि सूप घ्यायला गेली. दोन वाट्या प्यायली.

सोमवारी इंगा तिच्या दाराशी आली. दाराशीच पत्र्याची बादली पालथी होती. इंगाने ती उचलून काठ बघितला.

"दगडाच्या माथ्यावर गंजाची रेघ आहे," ती म्हणाली. "एकाच जागी टेकवून टेकवून खाच पडलीय. किती वर्षं?"

"एकेचाळीस," नोरीना ताठ मानेने म्हणाली. "मग? काय करणार आहेस?"

"अहवालात नाही लिहिणार. पण तुम्हाला खोटं सांगायचं नाही म्हणून आले." इंगा उंबऱ्यावर बसली. "एकेचाळीस वर्षं ऐन थंडीच्या तोंडावर पाणी पाजलं तर नीट निजवलेला दगडसुद्धा तग धरेल की नाही देव जाणे. हा तुमच्या वडिलांच्या शब्दाप्रमाणे पडला की तुमच्या बादलीने पाडला, ते आता मला सांगता येणार नाही. कोणालाच नाही."

नोरीनाने तिच्या हातातून बादली काढून घेतली. वीस वर्षांची ती चिमूटभर वाळू तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने सूड घेतला होता, चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, आणि ज्या एका गोष्टीसाठी घेतला तीच तिने स्वतःच्या हाताने गढूळ करून ठेवली होती. बाबा बरोबर होते का? आता दगडही सांगणार नव्हता.

"दुसरा आहे," इंगा म्हणाली. "उजवीकडचा. उद्या सकाळी फलक काढतोय."

"नको," नोरीना म्हणाली. "राहू दे तो झाकलेला." आणि दार लावून घेतलं.

पण सकाळी ती आलीच, बादली न घेता, रिकाम्या हातांनी. फलक उचकटून बाजूला ठेवला होता. साठेक वर्षांनी ऊन लागलेला तो दगड दिसायला धडधाकट होता. एक चीर नाही, एक पोपडा नाही. म्हणजे बाबाच चुकले, नोरीनाला वाटलं. मग तिला मधोमध, छातीच्या जागी, नखाएवढी फुली दिसली. आभाळाकडे असायला हवी होती ती फुली रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

इंगाने हातोडी तिच्या हातात दिली. "तुम्ही वाजवा."

नोरीनाने वरचा कोपरा वाजवला. टण्. खालचा वाजवला. टण्. तिने हातोडी खाली घेतली. "पुरे," ती म्हणाली.

"मध्ये वाजवा," इंगा म्हणाली. "फुलीवर."

बद्द.

इंगाने माथ्याच्या फटीत पातळ पातं सरकवून हलकेच दाबलं. वहीचं पान सुटावं तसा दगडाचा एक पातळ तुकडा, फुलीसकट, सुटून नोरीनाच्या दोन्ही हातांत आला. आत खालपर्यंत सगळा पापुद्रा पापुद्रा झाला होता.

"याला पाणी कोणी घातलं होतं?" इंगाने विचारलं.

"कोणी नाही," नोरीना म्हणाली. "मी याच्याकडे कधी बघितलंसुद्धा नाही."

ती तो तुकडा पोटाशी धरून पायरीवर बसली. एकेचाळीस वर्षं बादल्या उगाच वाहिल्या म्हणून इंगा तिला हसवायला बघत होती, पण नोरीनाला आठवत होतं ते बापाने पकडलेलं मनगट. ‘हात लावू नकोस,’ ते म्हणाले होते, ‘तू फक्त बघत राहा.’

"ब्रॅकेटने त्यांचं ऐकलं नाही म्हणून मी जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडली," ती इंगाला म्हणाली. "आणि विश्वास माझाही नव्हता गं."